हात न लावता पोपट सांभाळायचा कसा: पिंजऱ्यापासून डॉक्टरपर्यंत क्रमवार पद्धत

पोपट घरी येऊन काही महिने होतात, तरी हात पुढे केला की तो मागे सरकतो, फिस्स करतो, नाहीतर कडकडून चावतो. मग घरातलं कुणीतरी सुचवतं, "दोन दिवस धरून बसव, होईल सवय." बहुतेक घरांत सगळं बिघडतं ते इथून. पोपट हाताला सरावत नाहीच, उलट पिंजऱ्याजवळ येणाऱ्या माणसालाही भ्यायला लागतो. पुढे साधी नखं कापायची म्हटली तरी घरभर पळापळ.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कॉकटील, लव्हबर्ड, बजी, कोन्युर असे परदेशी जातींचे पोपट पाळणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहिते आहे. पोपटाला कुरवाळून घ्यायला कसं शिकवायचं हे इथे सापडणार नाही. हात न लावता पाच कामं करता आली पाहिजेत: खाणंपाणी देणं, पिंजऱ्याबाहेर काढणं, परत आत घेणं, वजन करणं आणि डब्यात बसवून डॉक्टरकडे नेणं. ही पाच जमली की स्पर्श नकोसा असलेला पोपटही त्याचं आयुष्य सुखानं काढतो. ते आयुष्य लहान नसतं. कॉकटील चांगल्या सांभाळात १५ ते २० वर्षं जगतो.

एवढं आधी मनात पक्कं असू द्या. थव्यातले पोपट एकमेकांना सारखे हात, म्हणजे चोच, लावत नाहीत. जोडीदार एकमेकांचं डोकं आणि मान खाजवतात, बाकी अंग ज्याचं त्यानं साफ करायचं. वरून झपकन खाली येणारी वस्तू त्यांच्या लेखी शिकारी पक्षी असते. त्यात दुकानात प्रत्येक विक्रीच्या वेळी पिंजऱ्यात हात घालून मूठ आवळून पकडलं जातं. या सगळ्यानंतर तो तुमच्या तळहाताला भीत असेल, तर त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

सुरू करण्याआधी: पक्षी कोणता आहे?

हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला देशी पोपट किंवा खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट घरात असेल, तर पुढचे टप्पे त्याच्यासाठी नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हे पक्षी संरक्षित आहेत आणि ते पाळणं, विकणं गुन्हा आहे. पण घाबरून खिडकीतून सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला स्वतःचं खाणं शोधता येत नाही आणि बाहेर कावळे त्याला टिकू देत नाहीत. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून तो त्यांच्या हवाली करा.

परदेशी जातींचंही एक काम आहे. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या कराराच्या यादीत ज्या जाती आहेत, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आफ्रिकन ग्रे आणि सन कोन्युर या यादीत येतात. कॉकटील, बजी आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड येत नाहीत.

आणखी एक कळकळीची विनंती. "हातावर वाढवा, मग चिकटून राहील" असं सांगून काही विक्रेते अजून सिरिंजनं भरवावं लागणारं पिल्लू गळ्यात मारतात. ते घेऊ नका. मिश्रण जरा जास्त गरम झालं तर पिल्लाची अन्नपिशवी भाजते, भरवताना चुकलं तर मिश्रण श्वासनलिकेत जातं. मोठा झाल्यावर त्यातले कित्येक पक्षी तरीही हात नको म्हणतात.

टप्पा १: भीती आहे की दुखणं, हे आधी ठरवा

आधी हातावर येणारा पोपट अचानक टाळायला लागला, तर ट्रेनिंगचा विचार बाजूला ठेवा. तीन कारणं तपासा.

पहिलं आजारपण. दिवसभर फुगून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, दिवसा झोप, विष्ठेचा रंग किंवा पातळपणा बदलणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. आपल्याला दिसतं तेव्हा बरेच दिवस गेलेले असतात.

दुसरं, पीस झडण्याचा काळ. नवीन पिसं काड्यांसारखी बाहेर येतात तेव्हा त्यांच्या मुळाशी रक्त असतं आणि तिथे बोट लागलं तरी दुखतं. अशा दिवसांत फक्त आंघोळीची सोय वाढवा.

तिसरं, विणीचा हंगाम. कोपऱ्यात, सोफ्याखाली, ड्रॉवरमध्ये घुसू पाहतो, तिथून हटवलं की चावतो. त्या अंधाऱ्या जागा बंद करा आणि रात्रीची झोप वाढवा.

डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून फोनवर सरळ विचारा: "पोपट बघता का? किती ग्रॅमपर्यंतचे?" परळच्या जनावरांच्या जुन्या इस्पितळात, ज्याला सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, पक्षीही घेतात. पण ठाण्याहून रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, तिथून टॅक्सी करावी लागते. आजारी पक्ष्याला घेऊन हा शोध लागू नये.

टप्पा २: घराची तयारी

इथे घाई करणाऱ्यांचं पुढे सगळं अडतं. ज्या पक्ष्याला हातात धरता येत नाही, त्याला चुकीच्या जागेवरून उचलूनही आणता येत नाही. म्हणून घरच असं हवं की तो कुठेही बसला तरी धोका नको.

सीलिंग फॅन. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी पंखा बंद, आणि बटणावर चिकटपट्टी. घरात फिरणाऱ्या पक्ष्यांचे सर्वात भयानक अपघात पंख्याने होतात. उकाड्यात कुणीतरी सवयीनं बटण दाबतं, म्हणूनच चिकटपट्टी.

खिडक्या. स्लायडिंग खिडकीला जाळी हवी, आणि ती कोपऱ्यात सैल झालेली नसावी. उंच इमारतींत जमिनीपासून छतापर्यंत काचा असतात, तिथे पहिले काही आठवडे पडदा ओढून ठेवा. पक्ष्याला काच दिसत नाही.

स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूनं पोपट काही मिनिटांत मरतो. आपल्याला वाससुद्धा येत नाही. पोपट असलेल्या घरात लोखंडी किंवा बिडाचा तवा, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यात तडजोड नको. अगरबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम स्प्रे पक्ष्याच्या खोलीत नकोत. देवघर हॉलमध्येच असेल तर पिंजरा दुसरीकडे हलवा. खाडीच्या बाजूला, ऐरोली, वाशी, कोपरी भागात संध्याकाळी पालिकेची डासांसाठी धूरफवारणी होते. गाडीचा आवाज आला की आधी खिडक्या लावा.

पिंजऱ्याची जागा. एक बाजू भिंतीला, उंची तुमच्या छातीएवढी, वाटेच्या मधोमध नाही. माणसं जाताना दिसावीत, पण अंगावरून जाऊ नयेत. दिवसभर गॅलरीत ठेवू नका. कावळे ग्रीलला लटकून चोच घालतात, घारी घिरट्या घालतात, येऊरच्या डोंगराजवळच्या सोसायट्यांत माकडं येतात. आधीच घाबरट पक्षी तिथे दिवसभर अंग चोरून बसतो, आणि संध्याकाळी तुम्ही जवळ जाता तेव्हा त्याची सहनशक्ती संपलेली असते.

पिंजराच बदलावा लागेल का, हे इथे ठरतं. अन्नाच्या वाट्या बाहेरून, छोट्या खिडकीतून बदलता आल्या पाहिजेत आणि तळाचा ट्रे बाहेर सरकला पाहिजे. दिवसातून दोनदा वाटीसाठी आत हात घालावा लागत असेल, तर तुम्ही दिवसातून दोनदा त्याच्या घरात घुसता आहात. मग खाऊ देऊन कितीही विश्वास कमवा, सकाळी मिळालेला संध्याकाळी जातो. आतल्या दांड्या एकसारख्या गोल आणि गुळगुळीत नकोत, पायांना फोड येतात. पेरूची किंवा कडुनिंबाची फवारणी न झालेली फांदी धुऊन, वाळवून लावा. जाडी कमीजास्त असलेली चांगली, नखंही थोडी झिजतात.

झोप १० ते १२ तास, अंधारात. वन बीएचकेमध्ये हॉलचा टीव्ही रात्री साडेअकराला बंद होतो. पिंजऱ्यावर कापड टाकलं तरी आवाज जातोच. बेडरूममध्ये एक छोटा झोपेचा पिंजरा ठेवणं सोयीचं पडतं, पण टप्पा ६ जमेपर्यंत थांबा.

*तपासा:* पंख्याचं बटण बांधलं का? वाट्या बाहेरून निघतात का? दोन्हीला "हो" नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: आठवडाभर नुसतं बघा

या आठवड्यात काहीही शिकवायचं नाही. वही घ्या आणि लिहा.

निवांत पोपट एका पायावर बसतो, अंग किंचित फुलवतो, पिसं साफ करतो, एका बाजूचा पंख आणि पाय ताणतो. संध्याकाळी चोच चोचीवर घासल्याचा बारीक कर्र आवाज येतो, ती झोपेची तयारी. कॉकटीलचा तुरा अशा वेळी अर्धवट मागे पडलेला असतो.

अस्वस्थ पोपट पिसं अंगाशी घट्ट आवळतो, मान उंच करतो, खाता खाता मध्येच थांबतो. कॉकटीलचा तुरा ताठ उभा राहिला म्हणजे तो दचकलाय. तुरा डोक्याला चिकटवून, फिस्स करत पुढे झुकला म्हणजे आता चावणार. कोन्युर आणि आफ्रिकन ग्रेमध्ये बुबुळं भराभर लहानमोठी होताना दिसतात, शेपटी पंख्यासारखी उघडते. लव्हबर्ड फारशी सूचना देत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते गोठून बसलेला पोपट ओळखण्यात. पिसं आवळून, डोळे विस्फारून तो हलत नाही, आणि घरातले म्हणतात, "बघ, किती शांत बसलाय, लाव हात." तो शांत नाही, पळायला जागा नाही म्हणून थिजला आहे. त्या क्षणी लावलेला हात त्याला दीर्घकाळ आठवतो.

आता त्याची सीमा मोजा. आपल्या फ्लॅटमधल्या दोन फुटी लाद्या इथे कामाला येतात. दारापासून हळू पिंजऱ्याकडे चाला आणि कितव्या लादीवर त्याची मान उंच झाली ते लिहा. घरातल्या प्रत्येकासाठी आकडा वेगळा येईल. आजी खुर्चीत बसलेली असते म्हणून तिला एक लादी, धावत येणाऱ्या मुलाला चार. टप्पा ४ ची सुरुवात याच आकड्यावरून होते.

*तपासा:* कोणत्या वेळी, कुणासमोर, किती लाद्यांवर तो बदलतो, हे न बघता सांगता येतं का?

टप्पा ४: माणूस जवळ आला की खाऊ येतो

आधी त्याचा लाडका खाऊ शोधा. वाटीत पाच वेगळ्या गोष्टी ठेवा: राळे, सूर्यफुलाची बी, करडई, शेंगदाण्याचा तुकडा, उकडलेल्या मक्याचा दाणा. पहिल्यांदा काय उचलतो ते तीन दिवस बघा. जे जिंकेल ते रोजच्या वाटीतून पूर्ण काढून टाका आणि फक्त तुमच्या हातून द्या. नेमकं हेच होत नाही. वाटी सूर्यफुलानं भरलेली असते आणि मग तक्रार येते की तो खाऊसाठीही जवळ येत नाही.

उपाशी मात्र ठेवायचं नाही. रोजचं दाणापाणी, पालेभाजी वेळेवर. लहान पक्षी एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेततं. सकाळच्या जेवणाआधीची नैसर्गिक भूक पुरते.

क्रम असा. सीमेच्या एक लादी अलीकडे थांबा. नावानं हाक मारा, म्हणजे तो दचकणार नाही. तिरके उभे राहा, टक लावून बघू नका. पुढे जाऊन बाहेरच्या खिडकीतून वाटीत एक तुकडा टाका आणि लगेच मागे फिरा. त्याच्यासाठी तुमचं जाणं हेही बक्षीस आहे. दिवसातून आठ-दहा वेळा, येता-जाता. तुमची चाहूल लागताच तो वाटीकडे यायला लागला, की निघायच्या ऐवजी दोन श्वास थांबा. मग पाच. मग खाऊ हातातून, पण लांब वस्तूच्या टोकाला: राळ्याचं पूर्ण कणीस, कोथिंबिरीची लांब काडी, नाहीतर लांब दांड्याचा चमचा. बोट आणि चोच यांत वीतभर अंतर राहू द्या.

खाऊचा आकार लहान ठेवा. कॉकटीलला सूर्यफुलाची अर्धी बी पुरते. अव्होकाडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी, फरसाण यातलं काहीही नको. अव्होकाडो आणि चॉकलेट तर विषच.

*सावधान:* तो मागे सरकला तर खाऊ हातात धरून त्याचा पाठलाग करू नका. वाटीत टाका, निघा, पुढच्या वेळी एक लादी लांबून सुरू करा.

टप्पा ५: काठीला चोच लावणं

पुढची सगळी कामं या एका सवयीवर उभी आहेत. चायनीजबरोबर येणारी लाकडी चॉपस्टिक घ्या, टोक बोथट आहे ना ते बघा. एक शब्द ठरवा: "शाब्बास" किंवा नुसतं "हां". घरातल्या सगळ्यांनी तोच, त्याच सुरात.

काठी गजांबाहेर, त्याच्यापासून वीतभर लांब धरा. त्यानं नुसतं बघितलं तरी "शाब्बास" आणि खाऊ वाटीत. मग मान पुढे केली तर. मग चोच लावली तरच. शब्द चोच लागण्याच्या क्षणी यायला हवा, खाऊ नंतर दोन सेकंदांनी पोचला तरी चालेल. उलट करू नका. खाऊ आधी दिसला तर तो काठीकडे बघतच नाही.

चोच लावायला लागला की काठी एक पाऊल उजवीकडे, मग डावीकडे, मग वरच्या दांडीवर. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबा.

काठीलाच घाबरत असेल तर ती दोन दिवस पिंजऱ्यापासून लांब टेबलावर पडू द्या, मग रोज थोडी जवळ. पूर्वी काठीनं ढोसलेल्या पक्ष्याला चमचा वापरा.

*तपासा:* पिंजऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तो काठीमागे येतो का? दहांपैकी आठ वेळा येत असेल तर पुढे.

टप्पा ६: बाहेर आणि परत आत

बहुतेक घरांत पक्षी बाहेर सहज येतो आणि आत जाताना तमाशा होतो. टॉवेल, झाडू, दोन माणसं. अशी एक संध्याकाळ मागच्या दोन टप्प्यांची कमाई घालवते. म्हणून आधी परत येणं शिकवा.

दार उघडा, काठी दारात धरा, त्याला दारापर्यंत आणा, खाऊ द्या आणि काठीनं परत आत न्या. आत गेल्यावर मोठा खाऊ. दार लावू नका. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. दहांतून एकदाच दार लावा, तेही आत जेवणाची वाटी ठेवून. आत जाणं म्हणजे मजा संपणं, असं त्याच्या मनात बसायला नको.

पूर्ण बाहेर सोडायचा पहिला दिवस रात्रीच्या जेवणाआधी ठेवा. बाहेर त्याच्यासाठी एक ठरलेली बैठक असू द्या: पेरूची फांदी लावलेला स्टँड, खाली वर्तमानपत्र. खाऊ फक्त तिथेच आणि पिंजऱ्यात मिळतो. पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला तर हाका मारून वर बघत उभे राहू नका. स्टँडवर खाऊ ठेवा, काठी तिथे धरा, थांबा. येतो.

हातावर न येणाऱ्या पक्ष्याला उचलायला हातकाठी वापरा, हातभर लांब, त्याच्या दांडीएवढी जाड फांदी. ती पोटात ढकलायची नाही. पायांच्या किंचित वर, समोर स्थिर धरायची आणि दुसऱ्या बाजूला टार्गेट काठी, म्हणजे टप्पा ५ मधली चोच लावायची काठी, दाखवायची. तो स्वतः पाय टाकतो. पोटाला दाबून "चढ, चढ" करणं ही जुनी पद्धत आहे. त्यातून पक्षी चढतो, पण चावायलाही शिकतो, कारण त्याच्या आधीच्या सगळ्या "नको"कडे आपण दुर्लक्ष केलेलं असतं.

पंख कापावेत का, हा प्रश्न इथे हमखास येतो. कापू नका. उडून लांब जाता येत नाही, मग उरतो एकच उपाय, चोच.

टप्पा ७: वजन

हात लावून छातीचं हाड चाचपता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी वजनकाटा हाच डोळा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचन काटा घ्या, वर छोटी टी आकाराची दांडी चिकटवा, शून्य करा. काटा दोन दिवस स्टँडजवळ नुसता ठेवा. मग टार्गेट काठीनं त्यावर बोलवा, आकडा स्थिर होईपर्यंत खाऊ द्या.

रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर, जेवणाआधी. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड ४५ ते ६०, कॉकटील ८० ते ११०, सन कोन्युर १०० ते १३०, आफ्रिकन ग्रे ४०० ते ५०० च्या आसपास. पण जातीच्या आकड्यापेक्षा तुमच्या पक्ष्याचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा.

*सावधान:* नेहमीच्या वजनात १० टक्के घट म्हणजे डॉक्टर, तो कितीही टुणटुणीत दिसला तरी. ९० ग्रॅमच्या कॉकटीलमध्ये ही घट फक्त ९ ग्रॅमची असते. डोळ्यांना ती कळत नाही.

टप्पा ८: डबा

पुढून दार असलेला, आत दांडी बसवलेला प्रवासी डबा. वरून उघडणारा नको, त्यात हात वरूनच येतो. डबा महिनाभर खोलीतच, दार काढून, खाऊ आत. आधी उंबऱ्यावर, मग मध्ये, मग मागच्या भिंतीशी. काठीनं आत, काठीनं बाहेर. मग दार लावून लगेच उघडणं. मग दार लावून उचलणं, दोन पावलं, परत खाली.

मग लिफ्ट. मग इमारतीखाली. मग रिक्षातून एक चक्कर, डॉक्टरकडे न जाता, आणि घरी येऊन जेवण. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत डबा हिंदकळतो, म्हणून तो मांडीवर, सीटबेल्टसारखा ओढणीनं बांधून, तीन बाजूंनी कापड टाकून न्या. पाण्याची वाटी सांडते, तिच्याऐवजी काकडीचा काप.

हा टप्पा "गरज पडली की करू" म्हणून सोडणारे खूप. गरज पडते तेव्हा पक्षी आजारी असतो, आणि आजारी पक्ष्याला पकडापकडी झेपत नाही.

टप्पा ९: आंघोळ, नखं

आंघोळीला हात लागतच नाही. उथळ ताटलीत पाणी, त्यात ओली कोथिंबीर पसरून. किंवा स्प्रेची बाटली, पण फवारा त्याच्या वर हवेत मारा, थेंब खाली पडू द्या. अंगावर नेम धरून मारलेलं पाणी त्याला शिक्षा वाटते. पावसाळ्यात सकाळीच घाला म्हणजे संध्याकाळपर्यंत सुकतो. त्याच काळात दाणे हवाबंद डब्यात ठेवा. कुबट वास आला की सरळ फेकून द्या, बुरशी पोपटाच्या जिवावर उठते.

नखांसाठी एक दांडी जरा खरखरीत लावा, सगळ्या नकोत. तेवढ्यानं भागलं नाही तर नेलफाइल: गजांतून ती दाखवली, खाऊ. पायाच्या बोटाला टेकली, खाऊ. एकदा घासली, खाऊ, बस. एका वेळी एक नख. कातरीनं कापायची वेळ आली तर ती डॉक्टरांकडे, म्हणजे ती आठवण तुमच्या हाताशी जोडली जात नाही. नखातून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

धरावंच लागलं तर

आग, जखम, गॅसगळती. अशा वेळी काठी शोधत बसू नका. पडदे ओढा, दिवा घालवा (गॅसगळतीत मात्र बटणाला हात नको), पोपटाला अंधारात नीट दिसत नाही. मळखाऊ रंगाचा, धागे न निघणारा टॉवेल समोरून टाका आणि एकाच प्रयत्नात धरा. चार वेळा झडप घालणं एकदा घट्ट धरण्यापेक्षा वाईट. छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (फुप्फुसांखालचा श्वास ओढणारा स्नायू) नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास होतो. अंगठा आणि बोट गालांच्या बाजूंनी, बाकी अंग टॉवेलनं फक्त वेढलेलं. काम झालं की डब्यात, अंधारात अर्धा तास शांतता. गॅस किंवा धूर असेल तर मात्र आधी मोकळी हवा.

हातमोजे घालून धरायची कल्पना सोडा. मोज्यातून किती दाब पडतोय ते कळत नाही.

घरातली माणसं आणि सणांचे दिवस

शिकवणारा एकच असला तरी नियम सगळ्यांना. काम करायला येणाऱ्या मावशींना पिंजऱ्याजवळ झाडू उंच धरू नका एवढं सांगितलं की पुरतं, त्या लक्षात ठेवतात. पाहुण्यांचं अवघड. "काही करत नाही ना?" म्हणत बोट आत घालणारा एक तरी असतोच. त्याच्या हातात राळ्याचं कणीस द्या आणि खुर्चीत बसवा. मुलांना काठी धरण्याचं काम द्या, जबाबदारी मिळाली की ती हात आवरतात.

दहीहंडीला टेंभी नाका, जांभळी नाका भागात दिवसभर डीजे असतो, गणपतीत ढोल, दिवाळीत फटाके. त्या दिवसांत शिकवणं बंद. पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत, खिडकी लावून, तीन बाजू झाकून, एक मंद दिवा चालू. कॉकटील अंधारात दचकून पंख आपटतात आणि रक्त काढतात, म्हणून दिवा.

त्यानंच मान पुढे केली तर

काही पोपट महिन्यांनी स्वतः जवळ येतात, मान खाली घालून डोक्याची पिसं फुलवतात. तेव्हा एक बोट, बाजूनं, फक्त डोकं आणि मान. तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. त्यानं पुन्हा मान पुढे केली तर पुन्हा. नाही केली तर तेवढंच. पाठ, पंखांखाली, शेपटीजवळ हात नको. तिथला स्पर्श जोडीदाराचा असतो, त्यानं विणीची लहर येते, मादी नराशिवायही अंडी घालायला लागते आणि चावणं वाढतं. काही पोपट कधीच मान पुढे करत नाहीत. त्यांच्याशी शिट्टीनं बोला, शेजारी बसून वाचा, सकाळचा नाश्ता त्यांच्या स्टँडजवळ करा. तेही त्यांच्या थव्यात राहणंच आहे.

मागे घसरलात तर

डॉक्टरकडे इंजेक्शन झालं, घर बदललं, पीस झडली, की पोपट दोन-तीन टप्पे मागे जातो. तो जिथे अडला तिथूनच पुन्हा सुरू करण्याऐवजी सरळ टप्पा ४ वर या: लादी मोजा, वाटीत खाऊ टाका, मागे फिरा. काठी दोन दिवस दाखवू नका. वजन मात्र चुकवू नका. काट्यावर येत नसेल तर पिंजऱ्यातली त्याची झोपायची दांडीच काट्यावरच्या दांडीसारखी करून घ्या, आणि तीन दिवसांत एकही आकडा मिळाला नाही तर डॉक्टरांना फोन करून विष्ठेचा फोटो पाठवा.